सोयीचा समय

वाचावयाचे शास्त्रभाग : उपदेशक ११:१-६, प्रेषितांची कृत्ये २४:२२-२७, २ करिंथ ८:१०-१२.



उपदेशकाच्या अकराव्या अध्यायातील चवथे वचन शेतात बसून लिहिले असावे असे वाटते. वाऱ्याचा रोख निरखीत राहणाऱ्या माणसाच्या हातून पेरणी होत नाही, आणि ढगांवर डोळे लावून बसणाऱ्याच्या हातून कापणी होत नाही, असा त्याचा भावार्थ आहे. पालेस्तीन देशात शेतकरी बी ओट्यात घेऊन मुठीने जमिनीवर फेकीत असे. वारा सुटला म्हणजे ते बी भलतीकडे उडून जाई, व पीक काढणीस आल्यावर पाऊस आला तर कणसे भिजून नासत. तेव्हा वाऱ्याचे व ढगांचे भय खोटे नव्हते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. उपदेशक खोट्या भयाविषयी बोलत नाही. भय खरे असूनही पेरणी ही केलीच पाहिजे, असे तो म्हणतो.

आमच्याकडे तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडतात. ते नळ्यांतून थेट तासात पडते, म्हणून वाऱ्याची एवढी मातब्बरी नाही. परंतु ह्या वचनावर खेड्यात उपदेश केला की कोणी तरी अनुभवी शेतकरी उपासनेनंतर हटकून थांबतो आणि म्हणतो, "पाळकसाहेब, तुमचं वचन खरं, पण मृगाच्या पहिल्या सरीवर घाई करून पेरलं, अन् मग पावसानं पंधरा दिवस दडी मारली, तर दुबार पेरणीचं बियाणं कोण देणार?" त्याचे म्हणणे रास्त आहे. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावाचून पेरू नये, असे कृषिखातेही दर वर्षी सांगते. मग थांबणे हे शहाणपण की आळस? ह्या एका प्रश्नाचे उत्तर आज शोधावे असे आम्हांस वाटते. कारण आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ चांगल्या कामांची माती ह्याच घोटाळ्यामुळे होते. करावयाचे नाही असे कोणी म्हणत नाही. करावयाचे आहे, पण अद्याप समय आला नाही, असे सर्व म्हणतात.

दोन शेतकरी आपापल्या बांधावर बसले आहेत अशी कल्पना करा. दोघांनीही अजून पेरलेले नाही. पहिल्याने बियाणे निवडून ठेवले आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात बांधून त्यांतले किती उगवतात तेही पाहिले आहे. तिफण सुताराकडून नीट करून आणली आहे, आणि दररोज सकाळी तो मूठभर माती दाबून पाहतो. वाफसा आला की त्याच दिवशी औत जुंपावयाचे, हे त्याचे ठरले आहे. दुसऱ्याचे बियाणे अद्याप दुकानातच आहे. सोयाबीन करावे की तूर, हे त्याचे ठरलेले नाही. किती ओल झाल्यावर पेरावयाचे असे विचारले, तर "बघू" म्हणतो. आता हवामानाचा अंदाज हातातल्या फोनवर दिसतो, तोही तो दिवसातून दहा वेळा पाहतो, आणि प्रत्येक वेळी त्यातून थांबण्यास एक नवे कारण काढतो. दुरून पाहणाऱ्यास दोघे सारखेच रिकामे बसलेले दिसतील. परंतु पहिल्याच्या थांबण्याला हद्द आहे व त्या थांबण्यात काम आहे. दुसऱ्याच्या थांबण्यात ह्यांपैकी काहीच नाही.

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने लूकच्या चवदाव्या अध्यायात सांगितले आहे. तेव्हा विचार करण्यास बसणे हे पाप नव्हे. हिशेब झाल्यावरही जो उठत नाही, त्याच्याविषयी आम्ही बोलत आहो.

अशा न उठणाऱ्या माणसाचे चित्र पवित्र शास्त्रात पाहावयाचे असेल तर फेलिक्स सुभेदाराकडे पाहावे. हा कैसरियास राहून यहूदी प्रांताचा कारभार पाहत असे. मूळचा हा गुलामगिरीतून मुक्त झालेला मनुष्य. ह्याच्या जुलमाविषयी रोमी इतिहासकार टॅसिटस ह्यानेही लिहून ठेवले आहे. पौल त्याच्या कैदेत होता. आपली बायको द्रुसिल्ला हिला बरोबर घेऊन त्याने पौलाचे भाषण ऐकले. नीतिमत्त्व, इंद्रियदमन व पुढे होणारा न्याय हे विषय निघाले तेव्हा सुभेदार भयभीत झाला. कैद्यापुढे न्यायाधीश कापू लागला, असा तो प्रसंग. त्याच वेळी तो उठला असता तर! पण त्याने पौलाला सांगितले की तूर्त जा, सोय झाली म्हणजे बोलावीन.

येथे तीन गोष्टी आमच्या वाचकांनी नीट पाहाव्या. पहिली ही की त्याने नकार दिला नाही. दुसरी ही की तो पौलाला विसरलाही नाही. सव्विसाव्या वचनात सांगितले आहे की तो त्याला वारंवार बोलावून त्याच्याशी संभाषण करीत असे. सोयीचा समय असा अनेकदा आला व अनेकदा गेला! ज्या कामाविषयी आपण वारंवार बोलतो ते काम आपण करीतच आहो असा भास मनाला होतो, आणि दिरंगाईचे विष ह्या भासातच असते. पुन्हा शाळेत नाव घालण्याविषयी, दारू सोडण्याविषयी, सावकाराचा हिशेब मिटविण्याविषयी चावडीवर व देवळाच्या ओट्यावर आम्ही इतके बोलतो की बोलता बोलताच अर्धे समाधान मिळून जाते. (आमच्या पंचांच्या सभाही ह्याला अपवाद नाहीत. "पुढील सभेत विचार व्हावा" हा ठराव जितक्या एकमताने पास होतो तितका दुसरा कोणताही होत नाही.)

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्याच वचनात लूकने दिरंगाईचे खरे कारण उघड केले आहे. पौलाकडून पैसे मिळतील अशी फेलिक्सला आशा होती. सोय नव्हती असे नव्हे. लाच यावयाची होती. दोन वर्षे लोटली, फेस्त त्याच्या जागी आला, आणि यहूद्यांची मर्जी संपादावी म्हणून फेलिक्स पौलाला बंधनातच ठेवून गेला. त्या माणसाचे पुढे काय झाले, ह्याविषयी पवित्र शास्त्र काहीही बोलत नाही.

आता आम्हांपैकी कोणास लाच मिळत नसेल. परंतु लांबणीवर टाकण्यात काही ना काही लाभ असल्यावाचून मनुष्य लांबणीवर टाकीत नाही, अशी आमची खात्री झाली आहे. जोवर परीक्षेस बसलो नाही तोवर नापास होण्याचे भय नाही. जोवर पाटी हाती घेतली नाही तोवर नातवंडे हसत नाहीत. जोवर भावाच्या दाराशी गेलो नाही तोवर तो दार लावून घेईल ही धास्ती नाही, आणि "माझ्या मनात काही नाही, मी केव्हाही जाईन" असे चारचौघांत सांगण्याचा मोठेपणा मात्र पदरात आहे. न केलेले काम कधी बिघडत नाही, हाच तो लाभ. तेव्हा एखादे काम वर्षानुवर्षे अडले असेल तर "मला सोय केव्हा होईल?" असे विचारू नका. "हे अडून राहण्यात मला काय मिळत आहे?" असे देवासमोर एकांतात विचारा. उत्तर लाजिरवाणे असेल, पण ते मिळाल्यावर गाठ सुटू लागते.

आमच्या माहितीतील दोघा भावांची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. नावगाव सांगत नाही. बांधाच्या दीड हाताच्या पट्टीवरून दोघांचे बिनसले व अकरा वर्षे बोलणे बंद झाले. थोरला प्रार्थनेस नियमित येणारा. मिटवून टाकण्याची इच्छा त्याला खरोखर होती, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. सुगी होऊ द्या, मग जातो. मुलीचे लग्न होऊ द्या. ह्या नाताळास नक्की. धाकटा पावसाळ्याच्या तोंडी आजारी पडून शहराच्या इस्पितळात गेला, तेव्हाही "बरा होऊन घरी आला म्हणजे जातो, आजाऱ्याला त्रास नको" असेच ठरले. तो घरी आला तो गाडीत निजवून. दफनविधी आम्हीच चालविला. माती लोटून झाल्यावर लोक पांगले, तरी थोरला तेथेच उभा राहिला आणि त्याने विचारले, "पाळकसाहेब, मी जाणार होतो हे त्याला ठाऊक असेल का हो?" आम्ही त्याच्याजवळ उभे राहिलो. ह्या प्रश्नाला द्यावयास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. त्या शेतात पुढे मोजणी झाली नाही. थोरल्याने ती पट्टी पुतण्यांस आपण होऊन सोडून दिली.

तरीही कोणी निराश होऊ नये; कारण अडलेले काम पुन्हा कसे चालू करावे ह्याचे एक फार उपयोगी उदाहरण नव्या करारात आहे, आणि ते आम्हां खेड्यातील मंडळ्यांच्या ओळखीच्या विषयाचे, म्हणजे वर्गणीचे आहे. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांकरिता वर्गणी जमवावयाची होती. करिंथ येथील मंडळीने मोठ्या हौसेने होकार दिला होता. पौलाने त्यांस पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात रीतही सांगून ठेवली होती : आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या प्राप्तीप्रमाणे काही वेगळे काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. दुसरे पत्र लिहिण्याची वेळ आली तरी काम पुरे झालेले नव्हते. मकदोनियातील मंडळ्या त्यांच्याहून गरीब, संकटाने गांजलेल्या, त्यांनी देऊनही टाकले होते. करिंथकरांचा उत्साह एक वर्षाचा जुना होऊन तसाच पडला होता. अशी करिंथे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत, आणि ती बहुधा श्रीमंत मंडळ्यांतच आढळतात, हेही सांगून टाकतो.

पौल त्यांस काय लिहितो पाहा. तो रागावत नाही. एक वर्षापूर्वी इच्छा करण्यात तुम्हीच पहिले होता, ह्याची तो आठवण देतो. मग इच्छेच्या जोडीला कृती पुरी करा असे सांगतो, आणि ती ज्याच्याजवळ जे आहे त्या मानाने. जवळ नाही त्याचा हिशेब देव धरीत नाही, असा बाराव्या वचनाचा आशय आहे. हे बारावे वचन आमच्या वाचकांनी आपल्या बायबलात खूण करून ठेवावे. मोठ्या इच्छेपुढे हाती असलेले साधन फार थोडे दिसते, आणि थोड्याची लाज वाटून मनुष्य काहीच करीत नाही. ह्यावर पौलाचा उपाय म्हणजे आठवड्याचा एक ठराविक दिवस व मूठभर रक्कम. त्यात उत्साहाची वाट पाहावयाची नाही. रविवार आला की काढून ठेवावयाचे, मन प्रसन्न असो वा नसो.

आमच्या एका मंडळीतील साठी उलटलेल्या विधवा बाईंना स्वतःच्या डोळ्यांनी शुभवर्तमान वाचावयाचे होते. वीस वर्षे ही इच्छा होती. आधी धन्याचे आजारपण, मग सुनेची बाळंतपणे, मग डोळ्यांना चष्मा नाही. चष्मा आल्यावर मात्र त्यांची चवथीतील नात म्हणाली, "आज्जे, रोज तीनच अक्षरं. जेवणं झाल्यावर." तीन अक्षरांना नाही कसे म्हणावे? ज्या दिवशी भाकरी थापून हात दुखत त्या दिवशीही तीन, आणि ज्या दिवशी उमेद असे त्या दिवशीही तीनच. नात मोठी कडक मास्तरीण होती. आरंभ आजीच्या स्वतःच्या नावातील अक्षरांपासून केला. जोडाक्षरांपाशी महिनाभर गाडी अडली. आता त्या मार्काच्या पाचव्या अध्यायात आहेत. बोट ठेवून वाचतात, ओळीवरून डोळा सुटला तर पुन्हा मागून आरंभ करतात, आणि याइराची मुलगी उठेपर्यंत कोणाला पुढचे सांगू देत नाहीत.

कोणी म्हणेल, हे लहान काम. मोठ्या कामाचे काय? तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. पंचेचाळिशी उलटून गेल्यावर त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मूळ भाषांवरून मराठीत भाषांतर करण्याचे काम अंगावर घेतले. आमच्या साध्या, अशिक्षित बायकांस समजेल अशी भाषा त्यात असावी, ही त्यांची तळमळ होती. त्या वेळी त्यांस कोणती सोय होती? केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आलेल्या शेकडो स्त्रिया व मुली; त्यांचे अन्न, वस्त्र, दुखणी, शिक्षण ही सर्व चिंता. स्वतःस ऐकू कमी येई. संस्कृत त्यांच्या जिभेवर होती. पण इब्री व हेल्लेणी ह्या भाषा त्यांस परक्या. इब्रीची बावीस अक्षरे, तीही उजवीकडून डावीकडे लिहावयाची. ज्यांस विद्वानांनी पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या त्यांनी परक्या भाषेच्या मुळाक्षरांशी पुन्हा शिष्य होऊन बसावे, हे आम्हांस त्यांच्या विद्वत्तेहून थोर वाटते. पुष्कळ विद्वान माणसे केवळ ह्या एका पायरीवर अडतात. पुन्हा मुळाक्षरे गिरविताना कोणी पाहू नये असे त्यांस वाटते, आणि ते वय झाल्याचे निमित्त सांगतात.

हे काम पंधरा वर्षांहून अधिक चालले. छपाई केडगावासच झाली, आणि खिळे जुळविण्याचे काम तेथील मुलीच शिकल्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. त्या वेळी त्यांनी लेखणी खाली ठेवली असती तर कोण दोष देता? पण काम पुरे झाले, आणि थोड्याच अवधीत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. ते पाहावयास त्या नव्हत्या. सोयीचा समय पाहत त्या बसल्या असत्या तर तो त्यांच्या आयुष्यात कोणत्या वर्षी आला असता, हे त्यांचे चरित्र वाचणाऱ्याने आम्हांस दाखवून द्यावे.

आता दुसऱ्या एका अडचणीविषयी थोडे बोलू. काहींचे काम आळसाने अडत नाही. दोन वाटांपैकी कोणती धरावी हे कळत नाही म्हणून अडते. एका तरुणाने शिक्षकाच्या शिक्षणक्रमाचा व तंत्रशाळेचा असे दोन्ही अर्ज दोन वर्षे पेटीत जपून ठेवले होते. देवाची इच्छा कळेपर्यंत काही करावयाचे नाही, असे तो म्हणे. हे ऐकावयास फार भक्तीचे वाटते. परंतु प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय उघडा. पौलाला आशियात वचन सांगण्यास मनाई झाली. बिथुनियास जाण्याचा प्रयत्न केला, तीही वाट बंद झाली. तो त्रोवसास उतरला तेव्हा रात्री त्याला मकदोनियाचा मनुष्य दृष्टांतात दिसला, आणि लागलीच त्यांनी निघण्याची तयारी केली. मार्गदर्शन झाले ते चालत असलेल्या माणसाला. दोन दारे लागली, तिसरे उघडले. पण तो अंत्युखियात बसून राहिला असता तर लागलेली दारेही त्याला दिसती ना. दोन्ही वाटा चांगल्या असतील तर त्यांतील एक धरल्याबद्दल स्वर्गातील पिता आपल्या लेकरावर रागावेल, अशी कल्पना आम्हांस पवित्र शास्त्रात कोठे आढळत नाही. प्रार्थना करावी, दोन जाणत्या माणसांना विचारावे, आणि निर्णयाचा दिवस नेमावा. त्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी एक अर्ज पोस्टात पडला पाहिजे. त्या तरुणास आम्ही असेच सांगितले. तो सध्या तंत्रशाळेत वीजतारांचे काम शिकतो, आणि सुटीत घरी आला की देवळातील दिवे दुरुस्त करून जातो.

तर आमची विनंती फार थोडी आहे. आज रात्री कुटुंबाची प्रार्थना झाल्यावर प्रत्येकाने आपले अडलेले एकच काम मनात आणावे, दोन नकोत. ज्यांस लिहिता येते त्यांनी ते कागदावर लिहावे, त्यापुढे वार लिहावा, आणि त्या वारी करावयाचा पहिला लहान भाग कोणता तेही लिहावे. दारू सोडावयाची असेल तर संध्याकाळी कोणत्या वाटेने घरी यावयाचे ते लिहावे. कर्ज असेल तर बाजाराच्या दिवशी किती रुपये कोणाच्या हाती द्यावयाचे ते. रुसलेला भाऊ असेल तर जाण्याची वेळ, आणि बरोबर कोण येणार त्याचे नाव. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी घरातील मुलाकडून लिहवून घ्यावे, किंवा घरधनिणीस वा घरधन्यास मोठ्याने सांगावे. घरची माणसे असल्या गोष्टी सहसा विसरू देत नाहीत. ज्यांचे काम खरोखरच वाफशाकरिता थांबले आहे त्यांनी वाफसा कोणता हे लिहावे, आणि तोपर्यंत तिफण कोठे दुरुस्तीस टाकली आहे तेही.

करिंथकरांचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे राहून गेले असेल. पौलाने रोमकरांस पत्र लिहिले तेव्हा तो यरुशलेमेस निघाला होता. त्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाच्या सव्विसाव्या वचनात तो सांगतो की मकदोनियाबरोबर अखया प्रांतानेही यरुशलेमेतील गरिबांकरिता वर्गणी दिली आहे. करिंथ हे अखयातलेच नगर होय.